पोहून आल्यावर अंग खाजतं? दोष एकट्या क्लोरीनचा नाही

एप्रिल-मे महिना आला की दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. मुलाला सुट्टीत पोहण्याच्या बॅचला घातलेलं असतं. आठ-दहा दिवसांत त्याची त्वचा कोरडी पडते, कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत लाल चट्टे उठतात आणि रात्री खाजवून तो हैराण होतो. "डॉक्टर, याला क्लोरीनची अ‍ॅलर्जी आहे, पोहणंच बंद करतो," असं पालक सांगतात.

माझं मत स्पष्ट आहे. बहुतेक वेळा ही अ‍ॅलर्जी नसते आणि पोहणं कायमचं बंद करायची गरजही नसते. या त्रासाला क्लोरीनइतकंच आपण अंगावरून तलावात जे घेऊन उतरतो तेही कारणीभूत असतं.

त्वचेला नेमकं काय होतं?

आपल्या त्वचेवर तेलाचा एक पातळ थर असतो. तो त्वचेतला ओलावा धरून ठेवतो. तासभर पाण्यात राहिलं की हा थर निघू लागतो आणि क्लोरीन त्यात भर घालतं. शिवाय निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा पीएच साधारण ५ च्या आसपास असतो, तर तलावाचं पाणी ७.२ ते ७.८ पीएचचं ठेवतात. रोजच्या रोज हे घडलं की त्वचा ताणल्यासारखी होते, भेगाळते आणि खाजते.

याला आम्ही त्वचेचा दाह म्हणतो. अ‍ॅलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती एखाद्या पदार्थावर उलटते. इथे मात्र त्वचेचं संरक्षक आवरण झिजलेलं असतं. ज्यांना मुळातच एक्झिमा आहे किंवा ज्यांच्या घरात दमा आणि सततच्या शिंकांचा त्रास आहे, त्यांचं आवरण आधीच नाजूक असतं. म्हणून एकाच बॅचमधल्या वीस मुलांपैकी एखाद्यालाच जास्त त्रास होतो.

तो वास स्वच्छतेचा नाही

"क्लोरीनचा वास येतोय, म्हणजे पाणी स्वच्छ आहे," असं बरेच जण मानतात. खरं तर नीट राखलेल्या तलावाला फारसा वास येत नाही. घाम, लघवी, अंगाला लावलेली तेलं आणि क्रीम यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन नावाची रसायनं तयार होतात. नाकात जाणारा तो उग्र वास त्यांचा असतो. डोळे चुरचुरणं, खोकला येणं आणि त्वचा जळजळणं यातही त्यांचा मोठा वाटा असतो. बंदिस्त तलावात हवा खेळती नसेल, तर दमा असलेल्यांना हा त्रास जास्त जाणवतो.

मग क्लोरीन कमी टाकायला सांगावं का? अजिबात नाही. साधारणपणे १ लिटर पाण्यात १ ते ३ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन असावं लागतं. ते कमी पडलं की जंतू वाढतात. पोहून आल्यावर एक-दोन दिवसांनी, विशेषतः पोहण्याच्या कपड्याखाली, केसांच्या मुळाशी लाल पुळ्या आल्या तर ते अपुऱ्या क्लोरीनचं लक्षण असू शकतं.

आंघोळ आधीही हवी

"तलावात उतरण्यापूर्वी शॉवर घ्यावा" अशी पाटी बहुतेक तलावांवर असते. ती पाळणारे मात्र फार थोडे. रिक्षातून उतरायचं, कपडे बदलायचे आणि थेट उडी मारायची. पोहून झाल्यावर मात्र तेच लोक चोळून आंघोळ करतात. आधी एक मिनिट जरी शॉवरखाली अंग चोळून धुतलं, तरी घाम आणि मळ बराचसा निघून जातो. तेवढी क्लोरामाइन कमी तयार होतात. म्हणजे तुमच्या आंघोळीने शेजारच्या मुलाची खाज कमी होते.

म्हणूनच शॉवर घेतल्याशिवाय कुणालाही पाण्यात सोडू नये, असं मला वाटतं. नियम मोठ्यांनाही तोच असावा. पाण्यातलं क्लोरीन आणि पीएच यांची रोजची नोंद फळ्यावर लिहिलेली असावी. फी भरताना आपण बॅचची वेळ विचारतो, तसं हेही विचारा. त्यात संकोच कसला?

घरी काय कराल?

मुलांना उतरण्यापूर्वी लघवीला नेऊन आणा. अंगाला तेल चोपडून पाण्यात जाऊ नका, ते सगळं तलावात उतरतं. एक्झिमा असेल तर फक्त खाजणाऱ्या जागी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात पुरतो.

बाहेर आल्यावर ओल्या कपड्यांत गप्पा मारत बसू नका. लगेच साध्या किंवा कोमट पाण्याने अंग धुवा. साबण सौम्य आणि थोडाच वापरा. घासणी नको. टॉवेलने अंग टिपा आणि ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर भरपूर लावा. बहुतेकांना खोबरेल तेलही चालतं, पण ते पोहून झाल्यावर. पोहण्याचे कपडे रोज साध्या पाण्यातून काढा.

त्वचा लालभडक असेल किंवा चिरली असेल, तर तीन-चार दिवस पोहणं थांबवा. आणि हो, रंग काळवंडतो तो मुख्यतः उन्हाने. उघड्या तलावावर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जाणं बरं.

हे मात्र करू नका

खाजेवर लिंबू चोळू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मेडिकलमधून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून आणलेल्या अनेक मलमांत तीव्र स्टेरॉईड असतं. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून ते महिनाभर लावलं जातं. त्वचा पातळ होते. मुळात तो नायटा असेल तर वरून दबतो आणि आतून पसरत राहतो. स्टेरॉईड वाईट नाही, पण कोणतं, कुठे आणि किती दिवस लावायचं हे डॉक्टरांनी तपासून ठरवायला हवं.

डॉक्टरांकडे कधी जावं?

ही काळजी घेऊनही आठवड्यात फरक पडला नाही, चट्ट्यांतून पाणी किंवा पू आला, गोल कडा असलेले चट्टे पसरू लागले किंवा घरात इतरांनाही रात्री खाज सुटू लागली, तर तपासून घ्या. नायटा आणि खरूज यांची लागण दुसऱ्याला होते. पोहताना धाप लागली, छातीतून आवाज आला किंवा चेहरा सुजला, तर मात्र लगेच बाहेर या आणि वेळ न दवडता डॉक्टर गाठा.

मुलांनी पोहायला शिकावं, असंच मी प्रत्येक पालकाला सांगतो. पोहता येणं हा व्यायाम तर आहेच, प्रसंगी त्याने जीवही वाचतो. थोड्या खाजेपायी ते सोडू नका. उद्यापासून पाच मिनिटं लवकर निघा आणि उतरण्यापूर्वी मुलासोबत स्वतःही शॉवरखाली उभे राहा.