हंगाम किती दिवसांचा, एवढं आधी सांगा

प्रति,
मा. साखर आयुक्त,
साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे.



तुमचं साखर संकुल आणि माझी खाणावळ यांच्यामध्ये म्हटलं तर फक्त मुठा नदी आहे. मी नारायण पेठेत मेस चालवते. माहेर माढा तालुक्यातलं, भावाचा ऊस आहे, म्हणून साखरेची दोन टोकं मला घरबसल्या दिसतात: एक शेतात, एक माझ्या जेवणाच्या वहीत.

जेवायला येणारी बहुतेक मुलं एमपीएससीची. इंदापूर, करमाळा, कळंब, अंबाजोगाई, गेवराई. परीक्षेच्या तारखा आयोग ठरवतो, पण मुलांच्या मेसच्या पैशांच्या तारखा तुमच्या खात्याच्या आसपास कुठेतरी ठरतात. घरी ऊसबिल जमा झालं की मुलगा आपणहून पुढच्या दोन-तीन महिन्यांचे पैसे देऊन मोकळा होतो. नाही झालं की "काकू, आता एकच वेळ चालू ठेवा" म्हणतो, आणि थोड्या दिवसांनी अभ्यासिकेतलं टेबल सोडून गावी जातो. सगळी काही बागायतदारांची मुलं नसतात. कुणाचे वडील कारखान्यात हंगामी फिटर, कुणाचे कर्जावर ट्रॅक्टर घेऊन ऊस वाहणारे. एकाचे आई-वडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात, हे तो वर्षभर जेवल्यावर मला कळलं. २०२४-२५ च्या हंगामानंतर वहीतली नावं फार लवकर कमी झाली.

त्या हंगामाचे आकडे तुमच्याच कार्यालयातून निघालेले आहेत, मी तुम्हाला काय सांगणार? २०२१-२२ मध्ये महाराष्ट्राने सुमारे १३७ लाख टन साखर केली, विक्रम झाला, पेढे वाटले गेले. २०२४-२५ मध्ये तीच ८१ लाख टनांच्या आसपास आली. कारणंही सगळ्यांना ठाऊक आहेत. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला, उजनी भरलंच नाही, लागणी कमी झाल्या, पुढे उसाला वेळेआधी तुरा आला आणि वजन घटलं. धुराडी पेटली तीही विधानसभा निवडणुकीच्या धांदलीत, १५ नोव्हेंबरनंतर. आणि सोलापूरकडचे काही कारखाने संक्रांत होते न होते तोच बंद व्हायला लागले.

पण टन आणि उतारा हे तुमचे आकडे झाले. आम्हा लोकांचा आकडा निराळा आहे: दिवस. २०२१-२२ मध्ये कारखाने सरासरी १७० दिवसांच्या वर चालले होते. २०२४-२५ मध्ये जेमतेम ८०-८५. हंगामी कामगाराचा पगार, ट्रॅक्टरच्या खेपा, वजनकाट्यासमोरची चहाची टपरी, पंक्चरवाला, वाढे विकून दोन पैसे करणारी बाई, हे सगळे दिवसांवर जगतात. कारखान्याला तोटा झाला तर त्याच्यासाठी पॅकेज असतं, थकहमी असते, कर्जाची पुनर्रचना असते. टपरीवाल्याला फेब्रुवारीत एवढंच कळतं की उद्यापासून गाड्या नाहीत.

शेतकऱ्याचं दुःख मी कमी लेखत नाही, पण खरं बोलायचं तर ऊस कमी असतो त्या वर्षी त्याला थोडा भाव असतो. कारखाने एकमेकांच्या हद्दीत शिरून ऊस पळवतात, शेतकी विभागाची माणसं दारात येऊन बसतात. शेतकरी अडतो तो ऊस जास्त झाला की. २०२२ च्या मे महिन्यात मराठवाड्यात तोडीविना उभ्या राहिलेल्या उसाने लोकांचं काय केलं, ते राज्याने पाहिलं. माझ्या भावाचाही एक फड त्या वर्षी वैशाखापर्यंत उभा होता. तोडीसाठी टोळीला खुशाली द्यावी लागली ती वेगळीच. म्हणजे ऊस वाढला की पिकवणारा मरतो आणि घटला की तोडणारा. आणि गंमत अशी की दोघांनाही हे कळतं ते वेळ निघून गेल्यावर.

तोडणाऱ्याचा हिशेब जरा मांडते. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. चांगलं झालं. आता नवरा-बायकोच्या एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला असं धरा. म्हणजे दोघांचे मिळून ७३२ रुपये. हंगाम दोन महिन्यांनी आखडला तर जवळजवळ ४४ हजार रुपये गेले. पण ते नुसते "मिळाले नाहीत" एवढ्यावर भागत नाही, कारण उचल आधीच घेतलेली असते. मुकादमाकडून पावसाळ्यात घेतलेले पैसे लग्नात, दवाखान्यात, जुन्या कर्जात संपलेले असतात आणि हंगामात ते फेडायचे असतात. कारखाना ८० दिवसांत बंद पडला तर उचल फिटत नाही, ती पुढच्या वर्षावर चढते. पुढच्या वर्षी ते जोडपं दर बघून कारखाना निवडू शकत नाही. ज्या मुकादमाचं देणं आहे त्याच्याच ट्रॅक्टरमध्ये बसावं लागतं. दर वाढल्याची बातमी पहिल्या पानावर येते, हंगाम आखडल्याने झालेलं कर्ज कुठल्याच पानावर येत नाही.

मुकादमाची बाजूही ऐकलेली आहे, ट्रॅक्टरवाल्याचीही. कित्येक ट्रॅक्टरमालकांनी लाखांनी उचल दिली आणि टोळी आलीच नाही. बँकेचा हप्ता मात्र वेळेवर येतो. म्हणजे फसवणूक एकाच बाजूने होत नाही. पण उचल देणारा आणि घेणारा दोघंही एकाच गोष्टीचा अंदाज अंधारात बांधत असतात: यंदा कारखाना किती दिवस चालेल?

बरं, या माणसांसाठी काही व्यवस्था केलेली आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे. महामंडळ झालं याचं मला मनापासून बरं वाटतं. वसतिगृहं सुरू झाली, कोयत्यावर जाणाऱ्यांच्या पोरांना मागे राहून शिकायची सोय झाली. पण हा निधी बांधलाय कशाला, तर टनाला. १,३२० लाख टन ऊस गाळला त्या वर्षीच्या हिशेबाने कारखान्यांकडून १३२ कोटी होतात, आणि ८५० लाख टनांच्या वर्षी ८५ कोटी. ज्या वर्षी तोडणाऱ्याच्या हाताला काम नाही, नेमक्या त्याच वर्षी त्याच्या मदतीचा गल्लाही हलका. हे सूत्र कुणी ठरवलं माहीत नाही, पण त्यांनी वाईट वर्षाचा विचार केलेला दिसत नाही. चांगल्या वर्षी टनामागे दोन रुपये जास्त घेऊन बाजूला ठेवता आले असते. आमच्यासारख्या मेसवाल्यासुद्धा मे महिन्याच्या सुट्टीसाठी डिसेंबरपासून पैसे बाजूला टाकतात.

कारखानदार म्हणतील, बाई, आमचंही ऐका. ऐकते. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला, आणि २०२४-२५ चा हंगाम उरकला तरी तो तिथेच होता. त्या काळात उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, टनाला २,७५० वरून ३,४०० वर गेली. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन हंगामात, दिल्लीने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, आठवड्याभरात थोडी सैल केली, पण तोवर ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभी केली त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. निर्यात कधी बंद, कधी कोटा. हे सगळं खरं आहे. (बाजारात साखर काही ३१ रुपयांना मिळत नाही, हेही खरं. मी पोत्याने घेते, मला माहीत आहे.) पण हंगाम आखडण्याचं सगळं खापर पाऊस आणि दिल्ली यांच्यावर फोडता येणार नाही. एक कारण इथलंच आहे, आणि ते तुमच्या परवान्याच्या कक्षेत येतं.

गेल्या काही वर्षांत कारखान्यांनी गाळप क्षमता वाढवत नेली. नवा कारखाना काढायचा तर दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतर लागतं. जुन्याने मात्र जागेवरच अडीच हजार टनांचा पाच हजार आणि पाचाचा दहा हजार टन करायला अंतर आड येत नाही. ऊस तेवढाच, पाणी तेवढंच, आणि तोंडं मोठी. खडकवासल्याच्या कालव्यावर आधीच पुणेकर आणि दौंड-इंदापूरकर यांची ओढाताण आहे. मी स्वतः नळाला पाणी नाही म्हणून ओरडणाऱ्यांतली आणि भावाच्या आवर्तनासाठी देव पाण्यात ठेवणाऱ्यांतलीही. ऊस कायम वाढत राहील ही आशा मला तरी दिसत नाही. कारखाना परवडायला १५०-१६० दिवस चालायला हवा, असं साखर उद्योगातली माणसंच सांगतात. मग निम्म्या दिवसांत ऊस संपवणारी यंत्रं लावताना उरलेल्या दिवसांच्या पगाराचं काय, हा प्रश्न विस्ताराच्या कागदपत्रांत कुठे विचारला जातो का? मोठं यंत्र कमी दिवसांत जास्त गाळतं, हा मालकाचा फायदा. त्याच कमी दिवसांची किंमत भरणारी माणसं मालकाच्या ताळेबंदात नाहीत.

बंद पडलेला कारखाना कसा दिसतो ते बघायला पुणेकराला लांब जावं लागत नाही. थेऊरला चिंतामणीच्या दर्शनाला जाणाऱ्यांच्या वाटेवर यशवंत सहकारी कारखाना आहे. अण्णासाहेब मगरांनी उभा केलेला, २०११ पासून बंद. मधल्या काळात निवडणुका झाल्या, सुरू करण्याच्या घोषणा झाल्या, २०२५ मध्ये त्याची जमीन पुणे बाजार समितीला विकण्याचा विषय गाजला. जमीन पुण्याजवळची, म्हणून तिला भाव तरी आहे. करमाळ्याच्या किंवा परांड्याच्या माळावर बंद पडलेल्या कारखान्याची जमीन कोण घेणार, आणि थकलेले पगार कशातून निघणार?

बाहेरचं एक उदाहरण बघा. क्युबाने २००२ मध्ये आपल्या १५६ पैकी ७१ साखर कारखाने एका फटक्यात बंद केले. राज्य हुकूमशाहीचं, धोरण चुकलं की बरोबर यावर लोक अजून भांडतात. पण तिथे कामगारांना आधी सांगितलं गेलं आणि पुष्कळांना पगार चालू ठेवून शाळेत बसवलं. आपल्याकडे कारखाना बंद होत नाही, "यंदा सुरू होत नाही", आणि हे वाक्य दहा वर्षं चालतं.

आता मागणी. खूप मोठी नाही. कुणाला अनुदान मागत नाही. तुमच्याकडे ऊस नोंदणीचं ॲप आहे, २०२२ मध्येच आलं. कोणत्या कारखान्याकडे किती हेक्टर नोंद आहे हे तुम्हाला कळतं. त्याची रोजची क्षमता तुमच्या परवान्यावर लिहिलेली असते. नोंदलेल्या क्षेत्रावर किती टन ऊस निघेल ते धरून त्याला क्षमतेने भागायचं, थोडी वजावट धरायची, की दिवस निघतात. चौथीतलं गणित आहे. हा आकडा प्रत्येक कारखान्यासमोर लिहून जाहीर करा: यंदा अंदाजे इतके दिवस. अंदाज चुकेल, पाऊस चुकवेल. चुकू द्या. हवामान खातंही चुकतं, म्हणून कुणी अंदाज द्यायचं थांबत नाही.

कारखान्यांना हे आवडणार नाही. दिवस कमी दिसले तर टोळ्या दुसरीकडे वळतील, बँका हात आखडतील, सभासद सभेत प्रश्न विचारतील. म्हणूनच हे काम त्यांच्यावर सोडता येत नाही. आज ही माहिती चेअरमनला असते, शेतकी अधिकाऱ्याला असते, बँकेच्या साहेबाला असते. ज्याने तिच्या जोरावर ५०-६० हजारांची उचल घ्यायची की नाही हे ठरवायचं, त्यालाच ती नसते.

आणि क्षमता वाढवायचा अर्ज तुमच्या टेबलावर आला की त्यावर एक ओळ भरून मागा: हा विस्तार झाल्यावर हंगाम किती दिवसांचा उरेल? प्रवरेला राज्यातला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हा अध्यक्षपदी बसले होते ते याच पुण्याच्या गोखले संस्थेतले धनंजयराव गाडगीळ. अर्थशास्त्रज्ञाला कारखान्याचा अध्यक्ष करण्याची बुद्धी त्या वेळच्या शेतकऱ्यांना झाली होती. एवढी एक ओळ भरून मागायला तर अर्थशास्त्रज्ञही लागत नाही.

२०२५ ला पाऊस भरपूर झाला, उसाचे अंदाज वाढले, तेव्हा कुणी म्हणेल की आता कशाला जुनं उकरता. मी उलट म्हणेन, अशाच वर्षी हे सुरू करणं सोपं, कारण दिवसांचा आकडा जाहीर करायला कुणाला लाज वाटणार नाही. फक्त वेळेची एक गोष्ट लक्षात घ्या. मंत्री समितीची बैठक सप्टेंबरच्या सुमाराला होते, गाळपाची तारीख तेव्हा ठरते. बीड, अहिल्यानगर, जालन्याच्या गावांत तोवर बहुतेक उचल वाटून झालेली असते. म्हणून कारखानावार दिवसांचा हा तक्ता बैठकीनंतर येऊन उपयोग नाही. तो नागपंचमीच्या आत लागायला हवा, तुमच्या संकेतस्थळावर आणि गेवराई-पाटोद्याच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावरही.

आपली,
नारायण पेठेतली एक खाणावळवाली