पदकानंतरचे खाशाबा

१/ कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव म्हटले की १९५२चे हेलसिंकी आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, एवढीच कथा सांगितली जाते. कथा खरी आहे. पण अर्धी आहे.

२/ १९५५मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले. दलात कुस्त्या जिंकल्या, क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम केले, साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. ही अडीच दशकांहून अधिक सेवा इतिहासप्रेमी एका ओळीत का उरकतात?

३/ ‘उपेक्षा झाली’ असा हळहळीचा सूर सोपा असतो. हानीचा हिशेब अवघड. कुस्तीतील पुढचे ऑलिम्पिक पदक २००८मध्ये सुशील कुमारने आणले. मधली ५६ वर्षे! त्यांपैकी ३२ वर्षे खाशाबा हयात होते. तरीही मॅटवरच्या त्यांच्या अनुभवाभोवती देशाने कुस्तीची राष्ट्रीय शाळा उभारली नाही.

४/ १९८४मध्ये त्यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर अर्जुन पुरस्कार आला, दिल्लीच्या स्टेडियमला नावही लागले. मृतांचा गौरव स्वस्त पडतो.

५/ पाटण-कराडच्या जत्रांत आजही फड रंगतात. तेथील पोरांना खाशाबांचे नाव पुरणार नाही. मॅटवर शिकवणारा वस्ताद लागेल.