'पहिला' नावाची पळवाट

पहिली महिला अमुक, पहिला भारतीय तमुक.. सामान्यज्ञानाची असली पुस्तकं पाठ करतच आपण वाढलो. त्यामुळे 'पहिला' या शब्दावर आपला भारी जीव. पण फ्रिट्झ पोलार्डबद्दल वाचल्यापासून मला या शब्दाचा रागच यायला लागलाय.

हा पोलार्ड वेस्ट इंडीजचा नव्हे हो! हा अमेरिकन फुटबॉलवाला. म्हणजे पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात आणि बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून आडवा पाडतात, तो खेळ. १८९४ साली शिकागोत जन्म. खरं नाव फ्रेडरिक डग्लस पोलार्ड. 'फ्रिट्झ' केलं ते जर्मन शेजाऱ्यांनी. उंची पाच फूट नऊ इंच, वजन जेमतेम ७५ किलो. या खेळात म्हणजे चिमणाच. पण पळायचा असा, की हाती लागायचा नाही.

१९२० साली पगारी खेळाडूंची जी लीग सुरू झाली, तीच आजची एनएफएल. पहिल्याच हंगामात पोलार्डच्या अ‍ॅक्रन प्रोज संघाने ८ सामने जिंकले, ३ बरोबरीत सोडवले, हरला एकही नाही. विजेतेपद त्यांचंच. पुढच्या वर्षी पोलार्ड खेळता खेळता त्याच संघाचा कोचही झाला. एक कृष्णवर्णीय माणूस, १९२१ साली, गोऱ्या खेळाडूंना कसं खेळायचं ते सांगत होता! (त्या वर्षी त्याच्या संघात पॉल रोब्सन होता. होय, तोच गायक, ज्याच्या गाण्यावरून भूपेन हजारिकांना गंगेचं गाणं सुचलं.)

आणि हे सगळं कशात? तर गावातले प्रेक्षकच शिव्या घालणार, म्हणून कपडे बदलायचे ते संघमालकाच्या सिगारच्या धंद्याच्या जागेत. मैदानात पडला की समोरचे मुद्दाम अंगावर उड्या घ्यायचे. त्यावर याने युक्ती काढली. पडल्या पडल्या पाठीवर लोळायचं आणि खिळ्यांचे बूट वर करायचे. घ्या आता उडी!

इथपर्यंतची गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. 'पहिला कृष्णवर्णीय कोच', टाळ्या, संपलं. मला भांडायचंय ते याच्या पुढच्या भागाबद्दल.

'पहिला' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, याने दार उघडलं आणि मागून बाकीचे आत आले. कुठले आले? पोलार्ड १९२६ साली लीगबाहेर पडला. मागे राहिले होते ते मोजके कृष्णवर्णीय खेळाडूही १९३३ नंतर दिसेनासे झाले. १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही नाही. शून्य! लेखी नियम कुठेच नव्हता. मालकांनी आपापसात ठरवल्यासारखं, गुपचूप. शिकागोच्या जॉर्ज हालासचा यात हात होता, असं पोलार्ड अखेरपर्यंत म्हणत राहिला. हालासने ते नाकारलं.

आता कोणीतरी म्हणणारच, "अरे, तो काळच तसा होता." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. १९२१ साली चालत होतं ते १९३४ साली का नाही चाललं? काळ पुढे गेला ना? काळाने कोणाला काढलं नाही, माणसांनी काढलं. आणि १९४६ साली परत घेतलं तेही आपणहून नाही. रॅम्स संघाला लॉस एंजेलिसचं सार्वजनिक स्टेडियम हवं होतं, तिथले कृष्णवर्णीय पत्रकार अडून बसले, तेव्हा केनी वॉशिंग्टनला घेतलं.

कोचच्या बाबतीत तर कमालच. पोलार्डनंतर थेट १९८९ साली आर्ट शेल. मधली ६८ वर्षं कशी झाकायची? तर शेलला म्हणायचं 'आधुनिक काळातला पहिला'. वा रे आधुनिक काळ! आपल्या सोयीने सुरू होणारा. मग एकाच गोष्टीचे दोन 'पहिले' तयार होतात आणि मधल्या खड्ड्याकडे कोणाचं लक्षही जात नाही. बरं, नुसतं 'पहिला व्यावसायिक खेळाडू' म्हणाल तर पोलार्ड पहिला नव्हेच. चार्ल्स फॉलिस ओहायोतल्या शेल्बीत १९०४ साली करारावर खेळला होता.

लीग बंद झाली तरी पोलार्ड स्वस्थ बसला नाही. तिसाच्या दशकात हार्लेममध्ये ब्राऊन बॉम्बर्स नावाचा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ त्याने चालवला. पुढे वर्तमानपत्रही काढलं. १९८६ साली, ९२ वर्षांचा होऊन गेला. कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली २००५ साली, मेल्यावर १९ वर्षांनी.

त्याच हॉल ऑफ फेमच्या १९६३ च्या पहिल्यावहिल्या १७ जणांत जॉर्ज प्रेस्टन मार्शल होता. वॉशिंग्टन संघाचा हा मालक. संघात कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला त्याने इतका नकार दिला, की शेवटी केनेडी सरकारला सांगावं लागलं, सरकारी जागेवरच्या नव्या स्टेडियममध्ये असं चालणार नाही. तेव्हा कुठे १९६२ साली त्याने घेतले, सगळ्या मालकांत शेवटी. आणि दुसऱ्याच वर्षी सन्मान! त्या दिवशी पोलार्ड ६९ वर्षांचा होता, जिवंत होता.