ट्रॅक्टर जुना, प्रश्न औजारांचा

वस्तू व सेवा करातील २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या कपातीमुळे ट्रॅक्टर आणि मशागत, पेरणी व कापणीची यंत्रे १२ टक्क्यांच्या टप्प्यातून ५ टक्क्यांवर आली. ट्रॅक्टरचे टायर आणि अनेक सुटे भाग तर १८ टक्क्यांवरून थेट ५ टक्क्यांवर उतरले. या निर्णयाचे स्वागत होणे साहजिकच होते. मात्र नंतरची चर्चा प्रामुख्याने नवा ट्रॅक्टर किती रुपयांनी स्वस्त झाला, याभोवतीच फिरत राहिली. वीस-पंचवीस वर्षांचा ट्रॅक्टर राखून असलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न वेगळाच आहे. त्याच्या ट्रॅक्टरचे इंजिन अजून धड आहे. झिजला आहे तो नांगर, मोडले आहे ते रोटाव्हेटर. त्यांच्या जागी परवडणारे औजार आणायचे कोठून, हा त्याच्यापुढचा पेच आहे.

हा शेतकरी अपवादात्मक नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा अवघी १.३४ हेक्टर आहे. एवढ्या जमिनीवर नव्या ट्रॅक्टरचे हप्ते फेडणे कठीण असल्याने जुना ट्रॅक्टर हाच अनेकांचा आधार ठरतो. काही ट्रॅक्टरांचे तर उत्पादकच राहिलेले नाहीत. हरियाणातील पिंजोर येथे ट्रॅक्टर बनविणाऱ्या एचएमटी या सरकारी कंपनीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१६ मध्ये मंजुरी दिली. कारखाना थांबला, तरी शेतात गेलेले ट्रॅक्टर थांबत नाहीत.

तांत्रिकदृष्ट्या परिस्थिती तितकीशी बिकट नाही. ट्रॅक्टरच्या मागे औजार जोडण्याची तीन बिंदूंची रचना जगभर प्रमाणित झाली आहे. त्यामुळे एका कंपनीच्या ट्रॅक्टरला दुसऱ्या कंपनीचे औजार सहसा जोडता येते. रोटाव्हेटरसारख्या यंत्रांना शक्ती पुरविणाऱ्या पीटीओ दांड्याचा मिनिटाला ५४० फेऱ्यांचा वेगही सर्वत्र रूढ आहे. अडचण येते ती जोडखिळ्यांच्या जाडीत आणि वजनात. लहान ट्रॅक्टरांच्या पहिल्या श्रेणीत खालच्या बाजूचा खिळा २२ मिलिमीटरचा, तर दुसऱ्या श्रेणीत २८ मिलिमीटरचा असतो. हा फरक योग्य खिळा किंवा बुश वापरून भरून काढता येतो. वजनाचे तसे नाही. जुन्या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप थकलेला असतो आणि इंजिनाची मूळची शक्तीही उरलेली नसते. बाजारात आज खपणारी रुंद व जड औजारे अशा ट्रॅक्टरला जोडली, तर ती नीट उचलली जात नाहीत, डिझेल अधिक लागते आणि पुढची चाके हलकी होऊन ट्रॅक्टर उलटण्याचा धोका संभवतो. म्हणजेच जुन्या ट्रॅक्टरला हवे असते ते हलके आणि अरुंद औजार.

ते मिळविण्याचे मार्ग मोजकेच आहेत. पहिला मार्ग सरकारी अनुदानाचा. कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानात अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्क्यांपर्यंत, तर इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अर्थसाह्य मिळते. परंतु ते नव्या औजारालाच मिळते. शेतकऱ्याने आधी पूर्ण रक्कम भरायची आणि अनुदान नंतर खात्यात जमा व्हायचे, हा क्रमही हातात पैसा नसलेल्याला अडचणीचा ठरतो. ट्रॅक्टरचलित औजारासाठी ट्रॅक्टरचे नोंदणी प्रमाणपत्रही जोडावे लागते. दोन-तीन हात बदललेल्या ट्रॅक्टरची कागदपत्रे पहिल्या मालकाच्याच नावावर राहिली असतील, तर योजनेचे दार तेथेच बंद होते.

दुसरा मार्ग गावच्या किंवा तालुक्याच्या वर्कशॉपचा. लोहार किंवा फॅब्रिकेटर कल्टिवेटर, सरी रेझर वा पलटी नांगर गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरचे माप घेऊन बनवून देतो. जुन्या ट्रॅक्टरसाठी याहून सोयीचे काही नाही. पण करकपातीचा लाभ नेमका येथे पोहोचत नाही. पोलादावरील कर १८ टक्केच आहे. जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान कारागिराला त्याची वजावट मिळत नाही आणि तो भार अखेर शेतकऱ्याच्याच माथी पडतो. शिवाय वापरलेले पोलाद कोणत्या प्रतीचे, याची हमी नसते. कच्च्या पोलादाचा फाळ खडकाळ रानात लवकर बोथट होतो आणि स्वस्तात घेतलेले औजार शेवटी महाग पडते.

तिसरा मार्ग जुन्या औजारांच्या बाजाराचा. येथे किंमत कमी असली, तरी धोका मोठा आहे. हाती आलेल्या जुन्या रोटाव्हेटरच्या फिरत्या दांड्यावरील संरक्षक आवरण पुष्कळदा नाहीसे झालेले असते. उघड्या दांड्यात धोतर, उपरणे वा पदर अडकला, तर जीव किंवा अवयव गमवावा लागतो. व्यवहारात घासाघीस होते ती गिअरबॉक्स आणि पात्यांवरून. या आवरणाची चौकशी क्वचितच कोणी करतो.

दुरुस्तीचा हक्क हा विषय केंद्र सरकारने २०२२ मध्ये हाती घेतला, तेव्हा त्यात शेती अवजारांचाही समावेश होता. त्या भूमिकेचे प्रतिबिंब अनुदानाच्या धोरणातही दिसायला हवे. फाळ, पाती, बेअरिंग आणि संरक्षक आवरणे यांच्या बदलीसाठी छोटेसे साह्य दिले, तरी एक संपूर्ण औजार वाचू शकते. तालुका पातळीवर औजारांची तपासणी आणि कारागिरांना प्रमाणित पोलादाचा पुरवठा, हेही फारसे खर्चिक उपाय नाहीत. वर्षातून मोजकेच दिवस लागणारे रोटाव्हेटर प्रत्येकाने विकत घेण्यापेक्षा भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रातून आणणे शहाणपणाचे. मात्र तेथेही लहान ट्रॅक्टरला पेलतील अशी औजारे हवीत. यांत्रिकीकरणाचे यश केवळ नव्या ट्रॅक्टरांच्या विक्रीवरून मोजले जाते, तोवर जुन्यावर पोट असणारा शेतकरी या हिशेबाबाहेरच राहणार.