कलिंगानंतरचा सिनेमा

युद्धपट म्हटला की हत्ती, घोडे, तोफा आणि कोट्यवधींचा खर्च डोळ्यांपुढे येतो. हे काम आपल्या खिशाचे नव्हे, असे समजून आपले तरुण त्या वाटेलाच जात नाहीत. हा समज मोडला पाहिजे आणि त्याची सुरुवात वसई-विरारने करावी.

कारण सम्राट अशोकाचा शब्द या मातीत सापडला आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा बुरूड राजाचा कोट उकरला, तेव्हा तो बौद्ध स्तूप निघाला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच मिळाला. राजाने शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा धरली, असे तो लेख सांगतो. राजा का बदलला, याचे उत्तर तेराव्या लेखात आहे. कलिंगात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख पकडून नेली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक नंतर मेली. हा हिशेब खुद्द विजेत्याने दिला आहे!

हिंदी सिनेमाने या हिशेबाचे काय केले? २००१ साली शाहरुख खानचा 'अशोका' आला. प्रेम झाले, गाणी झाली, कलिंग झाले, पश्चात्ताप झाला आणि पडदा पडला. जग ज्या अशोकाला ओळखते, तो तिथून पुढे सुरू होतो, त्याचे काय? आणि त्या दीड लाख बंदिवानांचे काय?

हे दाखवायला हत्ती लागत नाहीत. कानेतो शिंदो यांच्या 'ओनिबाबा' या १९६४ च्या जपानी चित्रपटात उंच गवताचे रान आहे, एक खोल खड्डा आहे आणि युद्धाने उपाशी ठेवलेल्या सासू-सुना आहेत. वाट चुकलेल्या सैनिकांना मारून, त्यांची चिलखते विकून त्या धान्य मिळवतात. बेन व्हीटली यांचा 'ए फील्ड इन इंग्लंड' हा २०१३ चा कृष्णधवल चित्रपट अवघ्या बारा दिवसांत चित्रित झाला. यादवी युद्धातून पळालेली चार माणसे, एक शेत आणि दुःस्वप्नासारखे भय, एवढ्यावर तो उभा आहे.

भुताखेतांना मूठमाती दिलेल्या समाजाने भयपट का करावा, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मांत्रिकाने उतरवलेले भूत दाखवणारा चित्रपट आपला असूच शकत नाही. परंतु 'ओनिबाबा'तली राक्षसीण म्हणजे मुखवटा चढवलेली सासूच आहे. मेलेली माणसे राजाच्या झोपेत येतात, ती अंधश्रद्धा नव्हे. तो विवेकाचा टोचणारा काटा आहे.

मात्र अशोकाची आरती नको. कलिंगात धौली आणि जौगड येथेही अशोकाचे शिलालेख आहेत. पण ज्यांची माणसे मेली त्यांच्याच भूमीत हा तेरावा लेख कोरलेला नाही. का? समजा, लेख कोरणारा पाथरवट स्वतःच कलिंगचा बंदिवान आहे. तो आकडा कोरू नकोस, असा त्याला हुकूम आहे आणि रात्री छिन्नीचा आवाज थांबत नाही. एका ओळीत चित्रपट उभा राहतो!

वसईच्या किल्ल्यात इतरांचे कॅमेरे येतात आणि जातात. सोपाऱ्याच्या पोरांनी आता आपला कॅमेरा लावावा. अशोकाच्या विजयाचे चित्रपट दुसरे काढतील. त्या विजयाची किंमत मोजणारा चित्रपट आपल्यालाच काढावा लागेल.