बिग बेनचा मनोरा आणि बोऊबाजारची घरे

१/ लंडनच्या वेस्टमिन्स्टर येथे १९९० च्या दशकात जुबिली भूमिगत रेल्वेच्या स्थानकासाठी सुमारे ३९ मीटर खोल खोदकाम झाले. शेजारीच १८५९ पासून काळ मोजणारा बिग बेनचा मनोरा. खोदकामाने भोवतालची माती खचते आणि वरची वास्तू कलते, हे अभियंते जाणून होते.

२/ म्हणून मनोऱ्याच्या पायाखालील चिकणमातीत आडव्या पोलादी नळ्या आधीच बसवल्या गेल्या. कल सतत मोजला जाई. तो वाढू लागला की नळ्यांतून सिमेंटचे पातळ मिश्रण, म्हणजेच ग्राउट, दाबाने सोडून जमीन सावरली जाई. मनोरा सुरक्षित राहिला.

३/ कोलकात्यातील बोऊबाजारचे प्राक्तन निराळे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी मेट्रोचे बोगदा खणणारे यंत्र भूजलाच्या साठ्याला भिडले. पाण्यासोबत माती वाहून आली. जुनी घरे तडकली, काही कोसळली, शेकडो रहिवासी बेघर झाले. ग्राउट तेथेही वापरले गेले. परंतु घुसलेले पाणी रोखण्यासाठी.

४/ लंडनची घट्ट चिकणमाती आणि गंगेच्या मुखाकडील पाणथळ गाळ यांत मोठा फरक आहे, हे मान्यच. मात्र जमीन जितकी दगाबाज, तितकी पूर्वतयारी अधिक हवी.

५/ पिढ्यान्‌पिढ्या नांदती गल्ली हादेखील वारसाच होय. यंत्र तिच्याखाली शिरण्यापूर्वी तिची भूमी बळकट व्हावी आणि तेथील मोजमापे रहिवाशांना रोज पाहता यावीत. प्रसिद्ध घड्याळाला लाभलेली दक्षता अनामिक उंबरठ्याच्याही हक्काची आहे.