नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत ‘नाव ठेवणे’ म्हणजे बारसे करणे आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष काढणे. एका मात्रेचा हा भेद मोबाईलवरील ॲपांचे बारसे करणाऱ्यांनी, विशेषतः सरकारी योजनाकारांनी, ध्यानात घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उदाहरण घरचेच घेऊ. केंद्राची शालेय शिक्षणाची योजना २०१८ पासून ‘समग्र शिक्षा’ या नावाने चालते. हिंदी भाषकास त्यात विद्या दिसते, मराठी भाषकास छडी! ‘शिक्षण’ हा शब्द हाताशी असूनही हे नाव महाराष्ट्रात जसेच्या तसे राहिले. योजनेचे नाव निदान कागदावर असते. ॲपचे नाव तळहातावर असते, आणि त्या नावावर विसंबून माणूस आपले पैसे व आपली कागदपत्रे सोपवतो. तेथे हसे झाले, की विश्वासही उडतो.

संस्कृत शब्दाचा अर्थ भारतभर एकच, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो फसवा आहे. आम्ही काशीत मंगला गौरीच्या परिसरात राहतो. हे नाव उच्चारताच येथील माणसास पंचगंगा घाटावरील देऊळ आठवते. मराठी घरात मंगळागौर म्हटले, की श्रावणातला मंगळवार, नववधू, फुगड्या आणि जागरण. देवता एक असूनही चित्रे दोन! मग ‘चेष्टा’ शब्दाचे काय सांगावे? हिंदीत तो प्रयत्न, मराठीत थट्टा. रोजगाराच्या ॲपास उद्या कोणी हे नाव दिले, तर मराठी तरुणाने काय समजावे? लिपी एक असल्याने धोका वाढतोच. तमिळ वाचक अनोळखी शब्दाचा अर्थ विचारतो. मराठी वाचक विचारीत नाही. आपल्याला तो कळलाच, अशी त्याची समजूत होते.

इंग्रजी आद्याक्षरे जुळवून केलेली सारीच नावे वाईट असतात, असेही नाही. ३० डिसेंबर २०१६ रोजी आलेले ‘भीम’ ॲप पाहा. त्या नावाने मराठी मनास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण होते, आणि हेतूही तोच होता. व्यापारी तर याबाबतीत अधिकच सावध असतात. टाटा मोटर्सने ‘झिका’ हे नाव आपल्या मोटारीस दिले होते. त्याच उच्चाराच्या विषाणूची साथ पसरताच, २०१६ साली, विक्री सुरू होण्यापूर्वीच त्यांनी ते बदलून ‘टियागो’ केले.

सरकारला हे अवघड का जावे? राज्यघटनेचे ३५१ वे कलम हिंदीस इतर भारतीय भाषांची रूपे व शैली आत्मसात करण्यास सांगते. अष्टम अनुसूचीत २२ भाषा आहेत. नाव मुक्रर करण्यापूर्वी प्रत्येक भाषेतील एका शिक्षकास, एका दुकानदारास आणि एका गृहिणीस ते ऐकवावे व एवढेच विचारावे, “हे ऐकून काय वाटले?” जेथे अर्थ बिघडेल, तेथे त्या भाषेचा स्वतःचा शब्द योजावा.

आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीतील कारकून. परिपत्रकातील चूक शुद्धिपत्राने निस्तरता येते, हे आम्ही जाणतो. लोकांच्या तोंडी बसलेल्या नावास मात्र शुद्धिपत्र नसते. नाव ठेवण्यापूर्वी ज्यांना कोणी विचारले नाही, त्यांनी मागाहून नावे ठेवली, तर दोष त्यांचा नव्हे.